नीलिमाचा राजीनामा

या, असे पुढं सरका. भिंतीला टेकलेल्यांनीही या. टेकून ऐकलेली गोष्ट अर्धी झोपेत जाते. आज टाळ नाही, पेटी नाही. पण बुवा उभे राहायच्या आधी मंडपात जी शांतता उतरते, तेवढी मात्र द्या. एका पोरीची गोष्ट सांगायची आहे, तिला ज्यांनी जवळ बसवून घेतलं त्यांची आहे, आणि एका शब्दाची आहे. शब्द साधाच, तुमच्याआमच्या बोलण्यातला. पण एका घराच्या घशात तो असा अडकला की गिळवेना आणि थुंकवेना.

रायपूरजवळच्या बीरगांवात कुरडया घालायच्या तर गव्हाआधी वारा पाहावा लागतो. वारा सिलतऱ्याकडून असला की तिथल्या लोखंडाच्या कारखान्यांची काळी धूळ येते. ती दोरीवरच्या कपड्यांवर बसते, तुळशीच्या पानावर बसते, झोपलेल्या माणसाच्या पापणीवरसुद्धा बसते. वारा उलटा असला की आभाळ धुतल्यासारखं दिसतं. कलावती त्या आभाळाची वाट बघत असे. गहू भिजत घालून, रोज पाणी बदलून, वाटून, चीक निवळायला ठेवून ती पहाटे स्लॅबवर चढायची आणि पदराचं टोक हवेत धरायची. पदर ज्या बाजूला उडेल त्यावर त्या दिवसाचं काम.

त्या शुक्रवारी पदर चांगल्या बाजूला उडाला. खाली चुलीवर मोठ्या पातेल्यात आधण ठेवलं, मीठ-हिंग पडलं, आणि चीक ओतताच कलावती दोन्ही हातांनी लाकडी घाटणं फिरवू लागली. चीक एकदा धरला की माणसाला सोडत नाही. थांबलं की गुठळी. तिच्या कपाळावरून घाम ओघळून भुवईत थांबत होता, आणि पुसायला हात मोकळा नव्हता.

"नीलू, साच्या आन वं लवकर. थंडा झाला तं पडनार नाही."

नीलिमा साच्या घेऊन आली. तिची लेक, विशी ओलांडून गेलेली, अंगानं किरकोळ, बोलताना समोरच्याच्या डोळ्यांत बघणारी. संध्याकाळी ती एका संस्थेच्या केंद्रावर शिकवायची. शाळा सुटलेली, नापास झालेली, कामाला लागलेली पोरं-पोरी तिथं येत आणि ओपन स्कूलच्या परीक्षेला बसत. दोन खोल्या, एक फळा, आणि उकाडा. त्या खोल्या म्हणजे नीलिमाचं देऊळ होतं. येत्या जूनपासून तिला त्या केंद्राची प्रमुख करणार, असं कानावर होतं. कलावतीनं ते शेजारणीला सांगून टाकलं होतं, आणि सांगितल्यावर स्वतःच घाबरली होती, दृष्ट लागेल म्हणून.

दोघी स्लॅबवर गेल्या. जुन्या साडीवर कुरडयांची चाकं पडू लागली. नीलिमाचे हात मनगटापर्यंत चिकानं माखले असताना खाली फोन वाजला.

फोन घेतला मारोतीनं. तिचा बाप. सिलतऱ्याच्या कारखान्यातून नाईट करून नुकताच आला होता. कानांच्या पाळ्या अजून काळ्या होत्या. तिकडून संस्थेच्या ऑफिसातला शेखर बोलत होता.

"भैया, मैडम को बोल देना। बड़े सर ने कहा है, वो निषाद वाले मामले में राजीनामा हो जाए तो अच्छा है। सोमवार तक। लिखित में।"

मारोती म्हणाला, "हव." फोन ठेवला. आणि मोरीत जाऊन हात धुवायला लागला. साबण लावून, नखांत घासून, पुन्हा साबण लावून धुवत राहिला.

वर कलावती ओरडत होती, "कोनाचा फोन वो?"

"कोनाचा नाही. कंपनीचा," तो म्हणाला.

त्या दिवशी तो झोपला नाही. नाईटवरून आलेला माणूस झोपला नाही की घराला कळतं. पाट्याचा आवाज, भांड्यांचा आवाज, सगळं हळू होतं. जेवताना त्यानं अर्धी पोळी ताटात ठेवली. नीलिमानं विचारलं, "काय झालं बाबा? तब्येत नाही का बरी?"

मारोतीनं ताटाकडं बघतच सांगितलं, "तुह्या ऑफिसातून फोन होता. राजीनामा मागून राहिले. सोमवारपर्यंत. लेखी."

कलावतीच्या हातातला डाव पातेल्यात पडला.

"काहून?" नीलिमा म्हणाली. पण काहून ते तिला माहीत होतं.

बीरगांवातल्याच एका पाऱ्यात, म्हणजे वस्तीत, बिसाहू निषाद राहायचा. त्याची पोरगी खिलेश्वरी. नववीतून शाळा सुटलेली, पोहा मिलमध्ये पाखडायला जायची, आणि संध्याकाळी नीलिमाच्या वर्गाला. आधी महिनाभर तोंडच उघडलं नाही तिनं. मग एका संध्याकाळी फळ्यावरची कविता तिनं वाचली, आणि सगळा वर्ग वळून पाहू लागला, असा तिचा आवाज. नीलिमाला वाटलं, ही आता निघाली. आणि तेव्हाच ती यायची थांबली. नीलिमा घरी गेली. बिसाहू अंगणात खाटेच्या पट्ट्या आवळत होता, आजूबाजूला पाऱ्यातली माणसं. तो म्हणाला, मिलमध्ये पोरीची डबल पाळी लागली, आता नाही यायची. नीलिमाचं डोकं भडकलं. सगळ्यांदेखत ती म्हणाली, "बाप हो के बेटी को मशीन बना दिए हो। शरम नहीं आती?"

बिसाहूच्या हातातली पट्टी थांबली. दुसऱ्या दिवशी तो चप्पल घालून रायपुरात तेलीबांध्याला संस्थेच्या ऑफिसात गेला आणि म्हणाला, मैडमनं माझी पाऱ्यात इज्जत घेतली.

हे नीलिमानं घरी सांगितलं नव्हतं. आता सांगावं लागलं. कलावती ऐकत होती, आणि ऐकता ऐकता तिचा चेहरा आखडत गेला.

"तुले कोनी सांगितलं होतं दुसऱ्याच्या घरी जाऊन बोलाले?"

"खोटं बोलली का मी?"

"खरं बोलून पोट भरते का? आता बस घरी. पाड कुरोड्या."

नीलिमा उठून बाहेर गेली आणि शेखरला फोन लावला. तो गाडीवर होता, हॉर्न ऐकू येत होते.

"शेखर भैया, सुबह पापा से जो बोले, वो सर ने खुद बोला क्या?"

"हाँ मैडम, खुद बोला।"

"और कोई रास्ता नहीं?"

"अरे मैडम, यही तो सबसे बढ़िया रास्ता है। बात ऊपर नहीं जाएगी। आप टेंशन मत लो, कर दो। रखता हूँ, सिग्नल छूट गया।"

तिनं फोन खाली घेतला. शेखर चांगला माणूस. त्याच्या आवाजात वाईट काही नव्हतं, आणि तेच तिला जास्त लागलं. काढून टाकायचं तेही इतकं प्रेमानं.

शनिवारी ऑफिस बंद. शनिवारी वाराही फिरला. दुपारी कलावती जरा पडली होती. उठून वर गेली तर साडीवरच्या सगळ्या कुरडयांवर बारीक काळे ठिपके. वरून झाकायचं पातळ विसरलं होतं. घरात एवढं झाल्यावर कोणाच्या लक्षात राहणार. ती खाली बसली आणि एकेक कुरडई उचलून फुंकू लागली. ओल्या चिकात बसलेली धूळ फुंकरीनं जाते का. तरी ती फुंकत राहिली, ओठ पांढरे पडेपर्यंत.

त्यातल्या बऱ्यातल्या बऱ्या निवडून नीलिमा तेलीबांध्याला घेऊन गेली. तिथं एका उंच इमारतीत कुरडयांच्या गिऱ्हाईक कौमुदीताई राहायच्या, पुण्याहून बदली होऊन आलेल्या, बोलायला गोड. त्यांनी दारातच डबा उघडला, एक कुरडई उजेडात धरली.

"अगं, हे काळं काय आहे?"

"धूळ आहे ताई. वारा फिरला आज."

"मुलांना कसं देणार गं मी हे? राग मानू नकोस हं. पुढच्या वेळी घेईन."

राग कशाचा मानायचा. लिफ्टनं खाली येताना आरशात तिला आपला चेहरा दिसला, नाकाच्या कडेला एक काळी रेघ. रुमालानं पुसली. समोर तळ्याकाठी माणसं आइस्क्रीम खात होती. त्याच तळ्याच्या मागं ऑफिसची इमारत. वरच्या मजल्यावरचे पडदे ओढलेले. सोमवारी तिथं जायचं, कागद ठेवायचा, परत यायचं. मग संध्याकाळी त्या दोन खोल्यांना कुलूप कोण लावेल? पोरांना काय सांगतील? मैडम को निकाल दिया. एवढंच सांगतील. परत येणाऱ्या बसमध्ये डबा मांडीवर ठेवून ती मनातल्या मनात मजकूर जुळवत होती, आणि प्रत्येक वेळी पहिल्या ओळीनंतर अडत होती.

तिनं तो रविवारी सकाळी लिहिला. हिंदीत. सेवा में, महोदय, मैं अपनी इच्छा से. घडी घालून पर्समध्ये ठेवला. आणि म्हणाली, "मी मॅडमकडे जाऊन येते."

मॅडम कोण, ते आता ऐका. इथं जरा हळू घेतो, कारण ही गोष्टीची गाभाऱ्यातली जागा आहे.

मारोती वर्धेकडच्या गावातून कारखान्यात आला तेव्हा नीलिमा दहा वर्षांची. इथल्या सरकारी शाळेत तिला घातलं. पहिल्याच दिवशी गुरुजींनी विचारलं, क्या कर रही हो, तर ती म्हणाली, "पानी पी के राहिली." वर्ग हसला. तेव्हापासून पोरं तिला 'राहिली' म्हणू लागली. राहिली आई, राहिली गई. पोरीनं तोंड मिटलं ते मिटलंच. हजेरीला फक्त हात वर. त्या वर्गावर मग दुलारी साहू नावाच्या मॅडम आल्या, इथल्याच, छत्तीसगढच्या. त्या म्हणाल्या, "मोर तीर म आ, नोनी." नीलिमा दाराशी जाऊन उभी राहिली, रडवेली. तीर म्हणजे तिला बाण वाटला. मॅडम आपल्याला काही मारणार. कोणीतरी सांगितलं, अगं, तीर म म्हणजे जवळ. माझ्या जवळ ये, पोरी, असं म्हणतायत. त्या दिवशी ती मॅडमच्या खुर्चीला चिकटून बसली आणि घरी येऊन आईला म्हणाली, "आई, इथं तीर म्हणजे जवळ."

तरी बोलणं काही येईना. मारोतीनं ठरवलं, पोट्टीले गावी आजीकडे धाडू, नाही तं घरी राहू दे. तेव्हा मॅडम घरी आल्या. पुढं नीलिमाला एवढंच आठवत होतं की घरी चीक शिजला होता, मॅडमनं साखर घालून तो खाल्ला, आणि बाबांनी खंजेरी काढून भजन म्हटलं. बाबांबरोबर तिनंही म्हटलं. दुसऱ्या दिवशी मॅडमनं तिला प्रार्थनेत उभं केलं, "बोल झन. गा." बोलू नकोस, गा. तिनं हिंदी कविता बापाच्या भजनाच्या चालीत गायली. पाढे गायले. गात गात हिंदी आली, हिंदीबरोबर बोलणं आलं. 'राहिली' पोरं विसरली. मॅडमनं दहावीला शाळा सुटल्यावर बसवलं, बारावीला घरी बसवलं, कॉलेजात असताना आपल्या संध्याकाळच्या वर्गात, जो पुढं संस्थेचं केंद्र झाला, लहान पोरांच्या रांगेवर बसवलं. "तैं पढ़ा, मैं देखत हंव." तू शिकव, मी बघते. नीलिमानं चूक केली की मॅडम वर्गात काही म्हणायच्या नाहीत; पोरं गेल्यावर फळा पुसता पुसता म्हणायच्या. शिकवायचं काम नीलिमाला असं लागलं, तापलेल्या अंगाला गार हात लागावा तसं.

तर ती रविवारी मॅडमकडे गेली. रायपूरच्या जुन्या वस्तीत, गल्लीच्या आत. मॅडम निवृत्त झालेल्या, गुडघ्यांचं ऑपरेशन झालेलं. खुर्चीत बसून विळीऐवजी चाकूनं कैरी चिरत होत्या, लोणच्याला.

"आ जा नोनी. तीर म आ."

नीलिमा खाली, पायाशी बसली. पाणी प्यायली. मग म्हणाली, "मैडम, वो निषाद वाले मामले में ऑफिस से राजीनामा मांगे हैं। कल तक।"

मॅडमनी कोय बाजूला टाकली. "हव, बिसाहू आया था, शेखर बता रहा था मेरे को. अच्छा किया सर ने. मैं होती तो मैं भी यही बोलती."

नीलिमाला वाटलं आपण चुकीचं ऐकलं.

"आप भी?"

"अउ का. गलती तो तोर हे. राजीनामा तो होनाच चाही. इसमें रोने का क्या है? छोटी हो जाएगी क्या उससे?"

जिच्या खुर्चीला चिकटून आपण माणूस झालो, तीच म्हणते, जा. नीलिमानं मान खाली घातली. फरशीवर कैरीचं पाणी सांडलं होतं, त्यात एक मुंगी अडकली होती.

मॅडम चिरत राहिल्या. जरा वेळानं म्हणाल्या, "तेरे घर आई थी मैं. तोर ददा ला का कहे रहेंव, सुरता हे?"

सुरता म्हणजे आठवण, ददा म्हणजे बाप. नीलिमानं मान हलवली. नाही.

"तो घर जा के पूछ ददा से. फिर जाना कल."

जाताना मॅडमनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. हाताला कैरीचा आणि हळदीचा वास. नीलिमाला तो हात झटकावासा वाटला, आणि असं वाटलं म्हणून तिला आणखी रडू आलं.

घरी आली तेव्हा मारोती कामाला जायची तयारी करत होता. जाड कापडाचा शर्ट, गमछा, बूट. बूट घालताना तो नेहमी एक हात भिंतीला लावायचा, कमरेमुळं.

"काय म्हणे मॅडम?"

"म्हणे, दे राजीनामा."

मारोतीचा हात भिंतीवरच राहिला. कलावती चुलीपासून उठली. मग कलावती एकदम म्हणाली, "ते बाई असं बोलनार नाही. तू बराबर ऐकलं नसशील."

"ऐकलं मी. आनखी म्हणे, मी तुह्या घरी आली होती तवा तुह्या बापाले काय म्हटलं, ते विचार."

मारोती खाटेवर बसला. एका पायात बूट, एक पाय उघडा.

"काही नाही म्हटलं."

"असं कसं बाबा?"

"अगं, काहीच नाही म्हटलं. तेच तं." तो जरा हसला. "ते आली. मी तापलेलो. कंपनीत सुपरवायझरनं सगळ्यासमोर शिवी देल्ली होती त्या दिवशी. म्या दारातूनच सांगितलं, माही पोट्टी आहे, घरी बसवीन नाही तं गावी धाडीन, तुमाले काय करायचं? तं ते म्हणे, 'भैया, पहले बैठने तो दो.' बसली. खाली, इथं, चुलीपाशी. म्हणे, तुमचं गाव कोणतं. शेतात काय राहते. मंग हिच्या आईले म्हणे, ये क्या बना रहे हो, मेरे को भी दो. वाटीभर चीक खाल्ला. बोटं चाटून. मंग मले म्हणे, तुम भजन बोलते हो, सुना है. पोट्टीचं नावच नाही काढलं. मी वाट पाहून राहिलो, आता बोलन, आता बोलन. बोललीच नाही. उठताना फक्त म्हणे, 'कल भेज देना.' आन म्या धाडलं."

"काहून?"

मारोतीनं दुसरा बूट घातला. "शरम नाही आणली तिनं मले. म्हणून. दिवसभर सगळे शरम आणत होते. ते एकटी बसली."

तो गेला. नीलिमा चुलीपाशी, त्याच जागी, बराच वेळ बसून राहिली. बिसाहूच्या हातात थांबलेली ती खाटेची पट्टी तिच्या डोळ्यांसमोरून हलत नव्हती.

सोमवारी सकाळी तिनं कलावतीला सांगितलं, "मी आधी बिसाहूकडे जाते. माफी मागते. मंग ऑफिसात जाऊन कागद देते."

"आता कायले? नोकरी तं गेलीच ना?"

"नोकरीसाठी नाही."

कलावतीनं तिच्याकडं पाहिलं. मग फळीवरून तो परत आलेला डबा काढला, काळ्या ठिपक्यांच्या कुरडयांचा, आणि तेल तापत ठेवलं. "रिकाम्या हातानं नको जाऊ."

ऊन चढायच्या आत ती पाऱ्यात पोचली. नळावरच्या बायका थांबून बघू लागल्या. एक जण दुसरीला म्हणाली, "वोही मैडम आय." बिसाहू अंगणात सायकलच्या चाकात हवा भरत होता, पंपावर एक पाय, कपाळावर शिरा. काटक, उन्हानं करपलेला माणूस. खिलेश्वरी दारात, मिलला निघालेली, डोक्याला ओढणी बांधून. नीलिमाला पाहून ती आत सरकली.

बिसाहूनं पंप सोडला नाही. "का होगे मैडम?"

नीलिमाला वाटलं होतं, उभ्याउभ्या बोलून टाकू. पण मॅडमची पद्धत आठवली. ती म्हणाली, "भैया, पहले बैठने तो दो."

बिसाहूनं जरा वेळ तिच्याकडं पाहिलं. मग खाटेकडं हात केला. ती खाटेवर नाही बसली. खाली, दाराच्या पायरीशी बसली. डबा पुढं ठेवला.

"मेरी गलती थी। सबके सामने नहीं बोलना था। मेरे पापा को भी उनके साहब सबके सामने बोलते थे। मेरे को पता होना था।"

नळावरचं पाणी कोणीतरी बंद केलं. बिसाहू उकिडवा बसला, डबा उघडला, तळलेली पांढरी फुललेली कुरडई हातात घेऊन फिरवून पाहिली.

"येमा करिया करिया का हे?"

"सिलतरा," नीलिमा म्हणाली.

बिसाहूला हसू आलं, नको असताना आलं. "त हमर घर बर बने हे. हमन तो रोज खाथन." आमच्या घराला चांगल्याच की, आम्ही रोज खातो, असं म्हणत त्यानं एक तुकडा तोंडात टाकला, आणि आत हाक मारली, "नोनी, पानी ला मैडम बर."

खिलेश्वरी लोटा घेऊन आली. नीलिमानं पाणी घेतलं. बिसाहूनं त्याच लोट्यातून वरून दोन घोट घेतले, तोंड पुसलं, आणि म्हणाला, "त राजीनामा करे बर आय हस ना? लिख के लाय हस?"

नीलिमाचा हात पर्सवर गेला. म्हणजे याला हे बघायचंच आहे. पाऱ्यादेखत. असू दे. आपणही पाऱ्यादेखतच बोललो होतो. तिनं पर्स उघडली आणि घडी केलेला कागद त्याच्या हातात दिला.

बिसाहूनं तो उलटा धरला, सुलटा धरला. मग पोरीकडं दिला. "पढ़ तो."

खिलेश्वरी दाराच्या चौकटीला पाठ लावून उभी राहिली आणि वाचू लागली. आधी चाचरत, मग आवाज लागला. "सेवा में. महोदय. मैं अपनी इच्छा से... अपने पद से... इस्तीफा..." ती थांबली. पुन्हा ती ओळ मनात वाचली. नीलिमाकडं पाहिलं, बापाकडं पाहिलं.

"ददा, ये राजीनामा नोहय. ये तो इस्तीफा आय. मैडम नौकरी छोड़त हे."

बिसाहू उठून उभा राहिला. "काबर? मैं तो नौकरी बर नइ केहेंव. मैं तो साहब ला केहेंव, राजीनामा करवा दे."

"दोनों एक ही तो है," नीलिमा म्हणाली. तिचा आवाज तिलाच लांबून आल्यासारखा वाटला.

"कइसे एके होही?" बिसाहूनं दोन्ही हातांची बोटं एकमेकांत अडकवली, पोराला समजावावं तशी. "राजी नामा. दूनो झन राजी. झगड़ा होइस, बइठेन, पानी पिएन, लिख देन, खतम. थाना में, कछेरी में, सबो जगा राजीनामा अइसने होथे."

पायरीवर बसल्या जागी नीलिमाला ते सगळे दिवस उलटे दिसू लागले. शेखरचं 'सबसे बढ़िया रास्ता'. मॅडमचं 'छोटी हो जाएगी क्या'. बापाचं साबण लावून हात धुणं. कलावती फुंकत होती त्या कुरडया. वर्धेकडं राजीनामा म्हणजे नोकरी सोडणं, इकडं म्हणजे समेट; शब्द छत्तीसगढात आला तरी घरात तोच पहिला अर्थ घेऊन बसला. तिला हसू येत होतं. नळावरच्या एका म्हातारीनं विचारलं, "का होगे गा?" बिसाहूनं सांगितलं, आणि पाऱ्यात जे हसणं उठलं ते त्या जुन्या वर्गातल्या हसण्यासारखं नव्हतं. त्यात तीही होती.

हसणं ओसरल्यावर बिसाहूनं कागद फिरवून पाठीमागची कोरी बाजू वर केली. "अब सही वाला लिख." आणि तो नीलिमाला नाही, पोरीला म्हणाला. "तैं लिख, नोनी. तोला आथे ना?"

खिलेश्वरीनं पेन घेतलं. गुडघ्यावर कागद ठेवून ती लिहू लागली, मध्ये एकदा विचारलं, "मैडम, 'सहमति' में छोटी इ के बड़े ई?" बिसाहू तिच्या हाताकडं बघत होता. पोरीला वाचताना, लिहिताना त्यानं असं जवळून कधी पाहिलं नव्हतं. सही करताना त्यानं आपलं नाव एकेक अक्षर टोचत काढलं.

मग त्यानं पंप उचलला आणि चाकाकडं वळून, तिच्याकडं न बघता म्हणाला, "संझा के भेज देहूं. एक पाली कर लेही. बोनी तक." बोनी म्हणजे धानाची पेरणी, ती सुरू झाली की गावी जावं लागेल, पुढचं पुढं. एवढंच कबूल केलं त्यानं. नीलिमानं आणखी काही मागितलं नाही.

ऑफिसात शेखरनं कागद घेतला, दोन्ही बाजू वाचल्या, चष्मा काढला, पुन्हा घातला. "मैडम, ये पीछे इस्तीफा किसका है?" नीलिमानं सांगितलं. तो खुर्चीत इतका हसला की आतून बडे सर बाहेर आले. जूनपासूनच्या प्रमुखपदाचं काय ते कोणी बोललं नाही, आणि तिनं विचारलं नाही. ती चिंता अजून तशीच होती, पर्समध्ये घडी करून ठेवल्यासारखी.

बाहेर येऊन तिनं आधी घरी फोन केला. मारोतीनं ऐकून घेतलं, आणि म्हणाला, "म्हणजे म्या चुकीचं सांगितलं?" "नाही बाबा, तुम्ही बराबर सांगितलं. शब्दच दोन ठिकाणचा." मागून कलावती म्हणत होती, "म्या म्हटलं होतं ना, ते बाई असं बोलनार नाही."

मग मॅडमला लावला. मॅडमनी सगळं ऐकलं. हसल्या नाहीत. "तो तू सोची, मैं तोला नौकरी छोड़े बर केहेंव?"

"हव."

"अउ तभो ले माफी मांगे बर गे?" तरीसुद्धा माफी मागायला गेलीस, असं.

"हव मैडम."

मग मॅडम म्हणाल्या, "बइठे रेहे, के खड़े खड़े?"

"बैठ के. नीचे."

"बने करे," चांगलं केलंस, मॅडम म्हणाल्या, आणि त्यांचा आवाज फुटला.

त्या संध्याकाळी वारा सिलतऱ्याकडूनच होता. केंद्राच्या खोलीत बाकांवर धूळ होती, ती नीलिमानं ओल्या फडक्यानं पुसली. पोरं आली. उशिरानं, मिलचा कोंडा केसांत तसाच घेऊन, खिलेश्वरी आली आणि दाराशी थबकली. नीलिमानं फळ्याकडून मागं वळून पाहिलं.

"तीर म आ, नोनी," ती म्हणाली.

झाली गोष्ट. आता उठायच्या आधी एवढं करा. देवापुढं हात जोडाल तेव्हा दुलारी साहू मॅडमची आठवण काढा. गुडघे आता धरत नाहीत त्यांचे, गल्लीच्या आत खुर्चीत बसून कैऱ्या चिरतात. एका तापलेल्या बापाच्या चुलीपाशी खाली बसून त्यांनी वाटीभर चीक खाल्ला होता आणि त्याला शरम आणली नव्हती. तुमच्या माझ्या आयुष्यातही असं कोणीतरी बसून गेलेलं असतं. त्यांच्याबरोबर यांचीही सुरता असू द्या.